अटी आणि शर्ती

वैशाली नगरात माझ्या मावशीचे यजमान राहतात. पोलादाच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून ते १९७२ साली वर्ध्याहून भिलाईला आले आणि निवृत्तीनंतर एका गृहसंस्थेकडून भाडेपट्ट्याने मिळालेल्या जागेवर घर बांधून तेथेच स्थिरावले. गेल्या पावसाळ्यात त्यांना त्या संस्थेची नोटीस आली. सुनेने पुढच्या खोलीत शिवणाची दोन यंत्रे मांडली होती, एवढाच काय तो अपराध. नोटीस हिंदीत होती. 'निबंधन एवं शर्तों' चा भंग झाल्यामुळे पट्टा संपुष्टात आला आहे, असे तीत म्हटले होते. काकांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "तू एम. ए. झालास, साहेब झालास. एवढेच सांग, मी निबंधन मोडले की शर्त मोडली?"

मी हसलो, पण उत्तर मला देता आले नाही. 'अटी व शर्ती' ही जोडी असलेल्या किती मसुद्यांवर मी सही केली असेल, त्याची गणती नाही. त्या दोन शब्दांना एकमेकांपासून दूर करून पाहण्याची वेळ मात्र माझ्यावर कधी आली नव्हती.

ही जोडी इंग्रजीतील 'टर्म्स अँड कंडिशन्स' हिचे भाषांतर होय. इंग्रजांच्या कायद्यात अशा जोड्या विपुल आहेत, आणि त्यांच्यामागे एका जिंकलेल्या देशाचा इतिहास आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतले, आणि पुढे राजसभेची व न्यायसभेची भाषा फ्रेंच झाली. खटला ज्याचा, त्याला ती कळेना. अखेर १३६२ साली न्यायालयातील वाद इंग्रजीत चालावेत असा कायदा करावा लागला. परंतु मधल्या तीनशे वर्षांत कागद लिहिणाऱ्यांना एक सवय जडली होती. शंका नको म्हणून एक शब्द देशी आणि त्याच्या शेजारी त्याच अर्थाचा दुसरा परका लिहावयाचा. 'गुड्स अँड चॅटल्स' यातला पहिला इंग्रज, दुसरा फ्रेंच. 'विल अँड टेस्टमेंट' यात इंग्रजाशेजारी लॅटिन बसले आहे. पुढे ही सवय इतकी मुरली, की दोन्ही शब्द परके असले तरी जोडी जमवल्यावाचून वकिलाला चैन पडेना. 'टर्म्स अँड कंडिशन्स' ही त्या प्रकारातली. दोन्ही शब्द फ्रेंचमधून आलेले.

यावर इंग्रजांना हसण्याचा अधिकार मराठी माणसाला मुळीच नाही. आपणही तेच केले आहे, आणि तेही तशाच कारणाने. फारसी ही राज्यकर्त्यांची भाषा झाली, आणि आपल्या लेखनिकांनी तिचे शब्द घरच्या शब्दांशेजारी आणून बसवले. 'कागदपत्र' यात कागद फारसी, पत्र संस्कृत. 'अर्जविनंती', 'धनदौलत', 'रीतिरिवाज', 'लाजशरम' ही सारी अशीच लग्ने. 'बळजबरी' या शब्दात तर बळ आपले आणि जबर त्यांचा. दोघांनी मिळून एकच काम करावयाचे. 'सल्लामसलत' यात दोन्ही पाहुणेच. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, तो या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. कोश झाला, पण जोड्या फुटल्या नाहीत. लोकांनी दोन्ही शब्द ठेवून घेतले.

'शर्त' हा असाच अरबीतून आलेला पाहुणा. मराठीत त्याची वंशावळ मोठी गमतीची आहे. दस्तऐवजात तो शर्त राहिला. पराक्रमाच्या वर्णनात 'प्रयत्नांची शर्थ' झाला. आणि पैज लावता लावता 'शर्यत' होऊन बैलांच्या मागे धावू लागला. 'अट' मात्र आपल्या घरीच राहिली.

या मुलखाला असल्या सरमिसळीची सवय जुनी आहे. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा छत्तीसगडात आल्या, तेव्हा त्यांनी दुर्ग येथे ठाणे दिले होते. पुढे बिंबाजी भोसल्यांच्या काळात रतनपूरच्या दप्तरात मराठी आणि मोडी आली. १८५४ साली भोसल्यांचे राज्य गेले आणि वर इंग्रजी बसली. १९५६ पर्यंत हा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता, आणि त्या राज्याच्या राजभाषा हिंदी व मराठी अशा दोन होत्या. पुढे कायद्याच्या हिंदीत 'निबंधन' हा शब्द रूढ झाला, मराठीत 'अट' टिकली, आणि 'शर्त' दोघींच्या वाट्याला आली.

आता काकांच्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो वाटतो तितका भाबडा नव्हता. कराराच्या कायद्यात प्रत्येक कलमाला 'टर्म' म्हणता येते; पण 'कंडिशन' ही त्यांतली अशी, की जी मोडली असता करारच कोसळावा. १९३० च्या मालविक्री कायद्याने 'कंडिशन' आणि 'वॉरंटी' यांत हाच भेद केला आहे. पहिली मोडली तर सौदा नाकारता येतो, दुसरी मोडली तर फक्त भरपाई मागता येते. भाडेपट्ट्यांच्या बाबतीत १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा याहून स्पष्ट आहे. त्याच्या १११ व्या कलमाप्रमाणे भंगामुळे पट्टा जप्त व्हावयाचा, तर मोडलेली शर्त स्पष्टपणे लिहिलेली पाहिजे आणि ती मोडल्यास मालकाने जागा परत घ्यावी असेही तीतच नमूद पाहिजे. १९२९ साली त्यात ११४-अ हे कलम घातले गेले. चूक सुधारण्याजोगी असेल, तर नेमका कोणता भंग झाला ते लेखी कळवून ती सुधारण्यास आधी वाजवी अवधी दिला पाहिजे, असे ते सांगते.

म्हणजे 'अट मोडली की शर्त मोडली' या प्रश्नावर एक घर उभे राहावयाचे किंवा जावयाचे होते. इंग्रजी लेखनिकांनी केवळ सवयीने जोडलेले शब्द आम्ही भाषांतरकारांनी तितक्याच सवयीने उचलले, आणि जेथे खरोखर भेद होता तेथे तो पुसून टाकला. यात मी स्वतःलाही वगळत नाही.

आम्ही दोघांनी मूळ पट्टा काढला. जागेचा उपयोग राहण्यासाठीच करावा असे सातव्या कलमात होते. जागा परत घेण्याची तरतूद नवव्यात होती, आणि ती केवळ भाडे थकल्यास लागू होती. काकांनी उत्तराचा मसुदा मराठीत सांगितला, मी त्याचे हिंदी केले. मसुद्यात मी हाताच्या सवयीने 'अटी व शर्ती' लिहून गेलो होतो. काकांनी चष्मा वर सारला, माझ्या हातून पेन घेतले आणि 'व शर्ती' एवढ्या अक्षरांवर रेघ मारली.