नदीपलीकडची नोट

राजुऱ्याला माझ्या आजोळचं जुनं घर आहे. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरायला माळा रिकामा केला, तेव्हा पोथीच्या फडक्यात एक नोट सापडली. घडीवर फाटलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. त्यावर उर्दू आणि त्याबरोबर मराठी, तेलुगू, कानडी अक्षरं. गांधीजी नाहीत, अशोकस्तंभ नाही. भाचा म्हणाला, "मामा, ही चुकून छापलेली दिसते. लाखाला जाईल!"

चुकून छापलेली नव्हती. ती निजामाची दहाची नोट होती, हाली सिक्क्याची. आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातला राजुरा तालुका तेव्हा हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1956 साली तो नांदेडला जोडला गेला आणि 1959 मध्ये चांद्याला. म्हणजे वर्धा नदी ओलांडली की राज्यही बदले आणि पैसाही. अलीकडे इंग्रजांचा कलदार, पलीकडे हाली. सिरोंच्याहून प्राणहिता ओलांडणाऱ्याचंही तेच. सात हालीचे सहा कलदार, असा साधारण हिशेब. नदी तीच, पण बाजाराला जाणाऱ्याला वटाव सोसावा लागे.

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, म्हणून 1918 साली इंग्रजांनी निजामाला नोटा काढू दिल्या. आरंभी दहाच्या आणि शंभराच्या. पुढे नाशिकला छापखाना उभा राहिल्यावर तिथेच त्या छापल्या जाऊ लागल्या. त्याआधी त्या इंग्लंडहून जहाजाने येत, आणि त्यातूनच एक खरी विचित्र नोट जन्माला आली. 1922 च्या मे महिन्यात मुंबईला निघालेलं 'इजिप्त' हे जहाज फ्रान्सजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन बुडालं. दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी त्यातलं सोनंचांदी वर काढलं, त्याबरोबर निजामाच्या नोटाही आल्या. त्यांवर सही नाही! ती इकडे पोचल्यावर व्हायची होती. संग्राहक त्यांना 'जहाजबुडीच्या नोटा' म्हणतात. दोष छपाईचा नाही, प्रवासच अर्धा राहिला.

खरा छपाईदोष वेगळा. नोट एकटी छापत नाहीत, मोठ्या तावावर अनेक एकदम छापतात. आधी फिकी पार्श्वभूमी, मग कोरलेल्या ठशाची जाड शाई, जी बोटाला खरखरीत लागते. क्रमांक त्यानंतर, कापणी शेवटी. मध्येच तावाला घडी पडली, तर चित्राच्या मधून कोरा पट्टा जातो. कापणी सरकली, तर शेजारच्या नोटेचा तुकडा येतो. अशी नोट तपासनिसाच्या नजरेतून सुटली, तरच आपल्या हाती पडते. म्हणून ती दुर्मीळ. उलट क्रमांकात चांदणी दिसली, तर तो दोष नव्हेच. 2006 पासून बिघडलेल्या नोटेच्या जागी घातलेल्या नोटेवर ही खूण येऊ लागली. शाई उडालेली, पाण्यात रंग गेलेली नोट तर नुसती झिजलेली. आपल्याकडे पावसाळा आणि वाळवी हेच मोठे कारागीर!

हे एवढं खुलासेवार सांगतो, त्याला कारण आहे. गडचिरोलीकडच्या माझ्या ओळखीच्या एका शेतमजुराने बापाने बांबूच्या नळकांड्यात जपलेली पाचची नोट काढली. तिच्यावर ट्रॅक्टर. फोनवर कुणीतरी सांगितलं, हिचे लाखो मिळतील, आधी नोंदणीचे पैसे भरा. त्याने तेंदूपत्त्याच्या हंगामाची कमाई भरली. मग कराचे मागितले, तेही उसने काढून भरले. त्यानंतर फोन लागेना. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये अशा व्यवहारांबद्दल जाहीर इशारा दिला होता, पण तो त्या पाड्यापर्यंत कुठून पोचावा? ट्रॅक्टरच्या पाचच्या नोटा अगणित छापल्या गेल्या. तिची किंमत पाच रुपये.

तो माझ्याकडे आला, ती नोट घडी न घालता वहीत ठेवून. मी खरं सांगितलं. बराच वेळ तो ट्रॅक्टर पाहत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, मग बापानं ही कशाला ठेवली असंल?"