उंबरठ्याआड राहिलेला घास

ज्युबिलीचा समय हा मागील वर्षांचा हिशेब पाहण्याचा समय होय. अशा समयी मंदिरांचा व शाळांचा इतिहास लिहिला जातो. परंतु दुष्काळी मुलुखात घरीच खिळून राहिलेल्या वृद्धांपर्यंत अन्न कसे पोहोचले, हा इतिहास क्वचितच कोणी लिहितो. धाराशिव व त्याच्या शेजारापुरता तो थोडक्यात वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

१८७६ ते १८७८ च्या घोर दुष्काळात आजचा धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात होता. शेजारच्या सोलापुरात इंग्रज सरकारने दुष्काळी कामे काढिली. १८७७ साली सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराचे रोजचे धान्य १ पौंडावर, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅमवर आणिले. वर थोडे पैसे मिळत. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी एवढ्यावर देह टिकत नाही, सोबत डाळ हवी, असा आक्षेप घेतला. परंतु हा वाद मजुराच्या अन्नाचा होता. ज्यास कुदळच उचलवत नव्हती, त्याने काय करावे? १८८० च्या दुष्काळ आयोगाने याचे उत्तर दिले: असमर्थांची गावोगाव यादी करून त्यांस गावातच मदत द्यावी. अशक्ताने मदतीकडे जावयाचे नसून मदतीनेच अशक्ताकडे यावयाचे, हे तत्त्व येथे मान्य झाले.

तथापि तत्त्व व व्यवहार यांत अंतर राहते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने लाल मिलो ज्वारी खाल्ली. सुकडी मिळे ती कामावर. घरच्या म्हातारीच्या वाट्यास लेकीसुनांनी पदरी बांधून आणिलेले तेवढेच. एप्रिल २००० मध्ये केंद्र सरकारने अन्नपूर्णा योजना काढिली व पेन्शन न मिळालेल्या ६५ वर्षांवरील निराधारांस महिन्यास १० किलो धान्य विनामूल्य ठरविले. दिवसास हे सुमारे ३३३ ग्रॅम होते. उपकार मोठा, परंतु डॉ. कॉर्निश यांचा डाळीचा प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न क्षुल्लक नव्हे. ५० किलो वजनाच्या वृद्धास रोज ५० ते ६० ग्रॅम प्रथिने हवीत, असे तज्ज्ञ सांगतात. १०० ग्रॅम ज्वारीत ती सुमारे १० ग्रॅम, तुरीच्या डाळीत २२, शेंगदाण्यात २४ असतात. दात गेलेला मनुष्य एखादी भाकरी कुस्करून उठतो. त्याचे स्नायू झिजतात, तोल जातो, व एकदा पडला की तो अंथरुणासच लागतो. म्हणून घट्ट आमटी, हुलग्याचे माडगे, शेंगदाण्याचे कूट, दूध किंवा अंडे, हेच त्याचे पहिले औषध. घरात कोंडलेल्यास उन्हाअभावी ड जीवनसत्त्व कमी पडते. बी-१२ तर धान्यात नसतेच. वैद्यकीय तपासणीत उणीव आढळल्यास गोळी अवश्य घ्यावी. मात्र महागड्या पुडीचा डबा जेवणाची जागा घेत नाही. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिने वाढविण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे.

आजही दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीस निघतात आणि म्हातारी माणसे मागे राहतात. यरुशलेमेत रोजच्या वाटणीत काही विधवांची उपेक्षा झाली, तेव्हा प्रेषितांनी त्या कामासाठी सात जण निवडविले. आपल्या गावी प्रत्येक आळीस असा एक जण नेमावा. त्याने आपल्या आळीतील बंद दारांची यादी करावी आणि आमटीची वाटी घेऊन उंबरठा ओलांडावा, अशी आमची वाचकांस नम्र विनंती आहे.