सुरतेच्या रस्त्यावरची ड्रायव्हरकी

सुरतेहून लांब पल्ल्याचा माल मुख्यतः दोन रस्त्यांनी जातो. एक मुंबई-अहमदाबाद-दिल्लीचा, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ८ आणि आताचा ४८. दुसरा हजिरा बंदरातून निघून कडोदरा, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर असा पूर्वेला जातो, कोंडाईबारीचा घाट चढून साक्री-धुळ्याला पोचतो आणि पुढे नागपूर, रायपूरमार्गे थेट कोलकात्यापर्यंत. हा पूर्वीचा ६; त्याचा सुरत-रायपूरचा भाग आता ५३ आहे. या रस्त्यांवर ट्रक चालवण्याच्या व्यवसायाला अजून शतकही पुरते झालेले नाही. दूरचा माल वाहून नेण्याचा पेशा मात्र सुरतेत मुघल काळापासून आहे. त्या पेशात नवखा माणूस कोणत्या दाराने शिरतो, हे प्रत्येक काळात बदलत गेले आहे.

सतराव्या शतकात सुरत हे मुघल साम्राज्याचे पश्चिमेकडचे मुख्य बंदर होते. इंग्रजांची वखार तिथे १६१३ च्या सुमारास सुरू झाली. आग्ऱ्याकडची नीळ आणि उत्तरेतले कापड बऱ्हाणपूरमार्गे तापीच्या खोऱ्याने बंदरावर येई. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये या वाटेने गेला होता आणि त्याने वाहतुकीची बारकाईने नोंद ठेवली. मालाच्या मोठ्या गाड्यांना दहा-बारा बैल जुंपत. प्रत्येक गाडीबरोबर चार शिपाई चालत आणि त्यांचा पगार मालाच्या मालकाने द्यायचा. गाडीवरून दोन दोर आडवे टाकलेले असत, त्यांची चार टोके चौघांच्या हातात. गाडी एका बाजूला कलू लागली की दुसऱ्या बाजूचे दोघे दोर ताणून तिला सावरत. प्रवाशांच्या हलक्या बैलगाडीला सुरत ते आग्रा पस्तीस-चाळीस दिवस लागत आणि भाडे चाळीस ते पंचेचाळीस रुपये पडे, म्हणजे साधारण दिवसाला रुपया.

धान्य, मीठ यांसारखा जड आणि स्वस्त माल बंजाऱ्यांच्या बैलांवर जाई. ताव्हर्नियेने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहिले आहे. अशा तांड्याची गाठ अरुंद वाटेवर पडली तर तो संपेपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसे. बायका-मुलांसह सगळे कुटुंबच तांड्याबरोबर फिरे, त्यामुळे हा पेशा जन्मानेच मिळे. पोराला चालता येऊ लागले की ते बैलामागे चालू लागे. बाहेरचा माणूस तांड्यात शिरून बंजारा होत नसे. मराठी मुलखात याच्या जोडीने हुंडेकरी असे. ठरलेल्या ठोक रकमेत तो माल मुक्कामी पोचवण्याची हमी घेई आणि वाटेतल्या जकातीही स्वतःच भरी. स्वतः बैल न हाकता वाहतुकीचा धंदा करणारा हा माणूस आजच्या ट्रान्सपोर्ट कंपनीवाल्याचा पूर्वज म्हणायला हरकत नाही.

रेल्वेने ही व्यवस्था मोडली. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा अंकलेश्वर ते उतराण हा पहिला टप्पा १८६० मध्ये सुरू झाला. उतराण म्हणजे तापीपलीकडची सुरतच. १८६४ पर्यंत लोहमार्ग मुंबईला जोडला गेला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी व्हॅली रेल्वे नंदुरबार-अमळनेरकडून खानदेशात आली आणि बऱ्हाणपूरच्या जुन्या वाटेवरचा उरलासुरला मालही रुळांवर गेला. बैलगाडीकडे स्टेशनापर्यंतची फेरी तेवढी राहिली. या लोहमार्गावरचे नवापूर स्थानक पुढे राज्यांची विभागणी झाल्यावर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत पडले. ते आजही तसेच आहे.

त्यानंतर मोटार आली. १९१४ च्या कायद्याने गाडीची नोंदणी आणि चालकाचा परवाना आणला. पुढे सरकारचे लक्ष रेल्वेचे उत्पन्न वाचवण्याकडे गेले आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने ट्रकला परमिटच्या चौकटीत बसवले. कोणत्या भागात आणि कोणत्या मार्गावर माल न्यायचा, हे परमिट ठरवी. त्यामुळे लांब पल्ल्याची ट्रक-वाहतूक खऱ्या अर्थाने वाढली ती स्वातंत्र्यानंतर. युद्धातून उरलेले लष्करी ट्रक बाजारात आले होते. फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या अनेक पंजाबी कुटुंबांनी हा धंदा धरला. १९५४ मध्ये जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडू लागले. सुरतेत कृत्रिम रेशमाचे माग वाढले, रिंग रोडवर कापड मार्केटे उभी राहिली आणि साड्यांच्या गाठी देशभर जाऊ लागल्या. पुढे हजिऱ्याला कृभकोचा खत कारखाना, पोलाद आणि पेट्रोरसायनांचे प्रकल्प आले. गाठींबरोबर युरियाची पोती आणि पोलादाची गुंडाळी हाही सुरतेचा माल झाला.

या ट्रकवर नवखा माणूस चढे तो क्लीनर म्हणून. कसलाही अर्ज नाही, परीक्षा नाही. गावचा, नात्यातला किंवा ओळखीचा ड्रायव्हर असला की पुरे. बहुधा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा गाडीवर येई आणि भत्ता व जेवण यांवर राही. काच पुसणे, टायर ठोकून हवा अजमावणे, ताडपत्री ओढून रस्से आवळणे, चढावर गाडी थांबली की चाकामागे उटी लावणे, गाडी मागे घेताना पाठीमागून आवाज देणे ही त्याची कामे. रात्री गाडीखाली किंवा मालावर झोपून डिझेल आणि माल राखायचा, तेही त्याच्याकडेच. वर्ष-दोन वर्षांनी रिकाम्या गाडीवर, सरळ रस्त्यावर, उस्तादाच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, मर्जीने स्टिअरिंग हातात येई. भरल्या गाडीवर आणि घाटात ते फार उशिरा मिळे. कोंडाईबारीसारखा उतार पायाच्या ब्रेकवर काढायचा नाही, वरूनच खालचा गिअर टाकून इंजिनाच्या ओढीवर गाडी धरायची. सतत दाबून ठेवलेला ब्रेक तापून सुटतो. ही गोष्ट सांगून नव्हे, शेजारी बसून कळे. पोलादाची गुंडाळी साखळ्यांनी नीट बांधली नसेल तर जोराच्या ब्रेकला ती पुढे सरकून केबिनवर येते, हेही तसेच.

या शिक्षणाची किंमत पोराने मजुरी बुडवून आणि बोलणी खाऊन चुकती केलेली असे. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. शाळा सुटलेली, परवाना नाही, विमा नाही, आणि उस्ताद चांगला मिळेल याची खात्री नाही. तरीही माणूस पुरता तयार होईपर्यंत त्याच्या हाती पूर्ण गाडी जात नसे, हा या पद्धतीचा मोठा गुण होता.

ड्रायव्हरला गाडीइतकीच कागदांची माहिती लागे. राज्याबाहेर जायचे तर अनेक परमिटे लागत. १९७० च्या दशकाच्या मध्यात राष्ट्रीय परमिट आले, तरी कोणत्या राज्यांत जायचे ते निवडून प्रत्येकाचा कर वेगळा भरावा लागे. एकच शुल्क भरून देशभर फिरण्याची सोय २०१० मध्ये झाली. मुंबईच्या वाटेवर भिलाड आणि अच्छाड, धुळ्याच्या वाटेवर नवापूर येथील नाक्यांवर रांगांत रात्री जात. बिल्टी, वजनकाट्याची पावती, जकात यांची बोलणी करता येणे हे कौशल्यच मानले जाई. गुजरातेत जकात २००७ मध्ये संपली. महाराष्ट्रात ती २०१३ मध्ये मुंबई वगळता आणि २०१७ मध्ये मुंबईतूनही गेली. जीएसटी त्याच वर्षी आला. गुजरातने सीमेवरचे आरटीओ नाके २०१९ मध्ये बंद केले, आणि २०२१ पासून टोलनाक्यावर फास्टॅग सक्तीचा झाला. जुन्या ड्रायव्हरची अर्धी विद्या अशी दहा-पंधरा वर्षांत निरुपयोगी ठरली.

कामाच्या तासांचा कायदा मात्र जुनाच आहे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरले, लांब पल्ल्यासाठी थोडी सवलत ठेवून. परंतु तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू झाला, आणि या धंद्यात बहुसंख्य मालकांकडे एक-दोनच गाड्या. राष्ट्रीय परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर आणि मागे झोपण्यापुरती बैठक हवी असाही नियम होता. रस्त्यावर दुसऱ्या ड्रायव्हरच्या जागी बहुतेकदा क्लीनरच असे, आणि झोप आली की स्टिअरिंग त्याच्या हाती जाई. दोन ड्रायव्हरांची ती अट २०१८ मध्ये शिथिल झाली.

परवान्याची शिडी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने बांधली. मालवाहू गाडीसाठी वय किमान वीस, आणि त्याआधी वर्षभर हलक्या वाहनाचा परवाना. आठवी पास असण्याची अट नंतरच्या नियमांत होती. ती २०१९ मध्ये काढण्यात आली, कारण चालकांचा तुटवडा जाणवू लागला होता आणि गाडी उत्तम हाकणारे अनेकजण शाळेच्या दाखल्याअभावी अडत होते. दरम्यान भाड्याचे गणित आवळत गेले आणि क्लीनरचा भत्ता मालकाला परवडेना. रस्ते सुधारले, गाड्या कमी बिघडू लागल्या, पॉवर स्टिअरिंग आले. लांबच्या खेपांवरचा क्लीनर झपाट्याने दिसेनासा झाला आणि ड्रायव्हर एकटा पडला.

नव्या माणसाचे दार आता ड्रायव्हिंग स्कूल आणि छोटा टेम्पो हे आहे. सुरत शहरात पार्सलच्या खेपा मारून वर्ष काढायचे, जड वाहनाचा परवाना घ्यायचा आणि मग ट्रान्सपोर्टवाल्याकडे उभे राहायचे. वडोदऱ्याजवळ वाघोडियाला मारुती आणि गुजरातच्या आदिवासी विकास विभागाने उभारलेल्या संस्थेत आदिवासी तरुणांना पद्धतशीर शिक्षण मिळते. लिंबायत, उधना, पांडेसरा भागांत मागावर आणि डाइंगमध्ये राबणाऱ्या खानदेशी घरांतूनही मुले या कामाकडे वळतात, कारण धुळे-जळगावचा रस्ता त्यांच्या पायाखालचा असतो. अडचण घाटाची आहे. स्कूलचा ट्रॅक सपाट असतो, आणि भरल्या गाडीवर शेजारी बसणारा उस्ताद आता नाही.

कायद्याच्या भीतीने या पेशाकडे पाठ फिरू नये, ही चिंता जानेवारी २०२४ मध्ये उघड दिसली. जीवघेण्या अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद नव्या भारतीय न्याय संहितेत आली, तेव्हा देशभरच्या ड्रायव्हरांनी चाके थांबवली. सरकारने चर्चेशिवाय ते कलम अमलात न आणण्याचे आश्वासन दिले, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते कलम वगळण्यात आले. २०२५ मध्ये नव्याने तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. त्याआधी बनलेल्या गाड्यांना हा नियम नाही, आणि मालक नवख्याच्या हाती पहिल्यांदा देतो ती बहुधा जुनीच गाडी असते.