कावेरीच्या मुखाशी

पट्टीश्वरम् येथे धेनुपुरीश्वराचे व दुर्गेचे दर्शन घेऊन आम्ही मायिलाडुदुरैमार्गे पूर्वेस निघालो. सुमारे साठ किलोमीटरांवर कावेरी सागरास मिळते. तेथेच चोळांचे पुहार, म्हणजे कावेरीपूंपट्टिनम्, हे बंदर होते. ‘पट्टिनप्पालै’ या संघकालीन काव्यात तेथे गलबतांतून आलेल्या घोड्यांचे व मिऱ्यांच्या पोत्यांचे वर्णन आहे. समुद्राने हे नगर गिळले, असे ‘मणिमेखलै’ सांगते. जवळच कीळैयूरच्या उत्खननात विटांचा प्राचीन धक्काही सापडला.

व्यंकोजीराजे इ. स. १६७५ च्या सुमारास तंजावरचे अधिपती झाले, तेव्हा हे वैभव कधीच लोपले होते. व्यापार नागपट्टणम् व तरंगंबाडीस गेला होता. इ. स. १६२० मध्ये स्थापन झालेल्या तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीकडून मराठे राजे खंड घेत.

मुखाशी कावेरीची धार अगदी क्षीण दिसली आणि मन खिन्न झाले. परंतु वाटेत दुतर्फा हिरवीगार भातशेती पाहिली होती. नदी आटली नव्हती. कल्लणैपासून शाखा-कालव्यांनी ती शेतोशेती वाटली गेली होती.

इ. स. १८५५ मध्ये तंजावरचे मराठी राज्य संपले. तरीही बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी इ. स. १८०३ मध्ये कोरविलेला भोसलेकुळाचा मराठी इतिहास आजही वाचता येतो, आणि तमिळ शब्द पोटात घेतलेली मराठी तेथील काही घरांतून अद्याप ऐकू येते. परप्रांती पन्नास वर्षे मंडळ चालविणाऱ्या आम्हांस त्या क्षीण धारेने हेच सांगितले: भाषा दरबारावर नव्हे, घरोघरी पोचलेल्या पाटांवर जगते. ते पाट बुजू न देणे, एवढेच आपल्या हाती आहे.