अपक्षरणी उष्णताकवच

अपक्षरणी उष्णताकवच म्हणजे अंतराळयानाच्या बाहेरील किंवा अग्निबाणाच्या आतील भागावर बसवलेले असे आवरण, जे तीव्र उष्णतेत स्वतः जळते व झिजते आणि त्या झिजेबरोबर उष्णता बाहेर वाहून नेते. अशा आवरणासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांना अपक्षरणी किंवा ॲब्लेटिव्ह पदार्थ म्हणतात. येथे झीज हा दोष नसून तेच आवरणाचे कार्य आहे. त्यामुळे आवरण किती झिजेल आणि ते सर्वत्र अपेक्षेप्रमाणे झिजेल का, हे त्याच्या रचनेतील मुख्य प्रश्न ठरतात.

उष्णतेचा उगम

पृथ्वीच्या निकट कक्षेतील यानाचा वेग सेकंदाला सुमारे ७.८ किमी, तर चंद्राहून परतणाऱ्या यानाचा सुमारे ११ किमी असतो. वातावरणात पुनःप्रवेश करताना या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. ही उष्णता केवळ घर्षणाने निर्माण होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग यानासमोरील हवा अत्यंत वेगाने दाबली गेल्यामुळे उत्पन्न होतो. १९५० च्या दशकाच्या आरंभी हॅरी ज्युलियन ॲलन आणि आल्फ्रेड एगर्स या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की, अणकुचीदार अग्रापेक्षा बोथट अग्र अधिक सुरक्षित असते. बोथट अग्रामुळे आघात तरंग यानापासून दूर राहतो आणि बहुतांश उष्णता भोवतालच्या हवेतच राहते. उरलेली उष्णता सोसण्याचे काम कवचाचे असते.

कार्यपद्धती

मातीच्या माठातून पाझरणारे पाणी बाष्परूपाने उडून जाताना माठातील उष्णता घेऊन जाते. अपक्षरणी कवचात पाण्याऐवजी कवचाचेच द्रव्य खर्ची पडते. ही क्रिया पुढीलप्रमाणे घडते :

• तापलेल्या थरातील रेझिनाचे विघटन होते व त्यात उष्णता शोषली जाते.
• विघटनातून निघालेले वायू पृष्ठभागातून बाहेर पडतात आणि तप्त हवेला काही अंशी दूर ढकलतात.
• मागे सच्छिद्र कोळशाचा थर उरतो. तो लालबुंद होऊन बरीच उष्णता प्रारणाने परत फेकतो.
• कोळशाचा वरचा भाग झिजून जातो आणि विघटनाची सीमा आत सरकते.

हे द्रव्य उष्णतेचे मंदवाहक असल्याने पृष्ठभागाचे तापमान २,७०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले, तरी आतील धातूचा सांगाडा सुरक्षित राहू शकतो.

पदार्थ

फिनॉलिक रेझिनात सिलिका किंवा कार्बनचे तंतू गुंफून केलेले पदार्थ सर्वाधिक प्रचलित आहेत. अपोलो यानांसाठी काचतंतूंच्या मधपोळ्यासारख्या जाळीत अ‍ॅव्हकोट हे द्रव्य भरले जाई. जाळीतील लाखो घरे कारागीर एकेक करून हाताने भरत. स्टारडस्ट यानाच्या कुपीला पिका या हलक्या कार्बन-फिनॉलिक पदार्थाचे कवच होते. ही कुपी १५ जानेवारी २००६ रोजी सेकंदाला सुमारे १२.९ किमी वेगाने वातावरणात शिरून सुखरूप उतरली. चीनच्या आरंभीच्या काही परतीच्या उपग्रहांवर ओक लाकडाचे कवच वापरले गेले होते. गॅलिलिओ मोहिमेतील शोधकुपी ७ डिसेंबर १९९५ रोजी गुरू ग्रहाच्या वातावरणात सेकंदाला सुमारे ४७ किमी वेगाने शिरली, तेव्हा तिच्या १५२ किलो वजनाच्या कवचापैकी सुमारे ८० किलो द्रव्य नष्ट झाले.

अग्निबाणांतील उपयोग

घन इंधनाच्या अग्निबाणातील ज्वलनवायूंचे तापमान ३,००० अंश सेल्सिअसच्या घरात असते. या तापमानाला पोलाद टिकत नाही. म्हणून नोझलला आतून कार्बन-फिनॉलिक व सिलिका-फिनॉलिक पदार्थांचे अस्तर देतात, तर इंधनाच्या नळकांड्याच्या आतून रबरी उष्णतारोधक थर लावतात. इस्रोच्या प्रक्षेपकांसाठी अशी धातूची नळकांडी पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथे तयार होतात.

भारतीय प्रयोग

इस्रोची एसआरई-१ ही कुपी १० जानेवारी २००७ रोजी प्रक्षेपित झाली आणि २२ जानेवारीला बंगालच्या उपसागरातून परत मिळवण्यात आली. तिच्या अग्रभागी कार्बन-फिनॉलिक कवच होते. १८ डिसेंबर २०१४ रोजी केअर या मानवरहित कुपीच्या चाचणीत अपक्षरणी फरशा वापरण्यात आल्या. गगनयान प्रकल्पाच्या पूर्वतयारीतील ही एक महत्त्वाची चाचणी होती.

खानदेशातील संबंधित घटना

अपक्षरण निसर्गातही घडते. १८४३ मध्ये तत्कालीन खानदेशातील, आजच्या जळगाव जिल्ह्यातील मानेगाव येथे एक अशनी पडला. डायोजेनाइट या दुर्मिळ प्रकारातील या अशनीच्या खनिजांचा अभ्यास पुढे ब्रिटिश म्युझियमचे नेव्हिल मॅस्केलिन यांनी केला. अशनीचा पृष्ठभाग वातावरणात वितळतो आणि वितळलेला भाग लगेच वाहून जातो. त्यामुळे उष्णता खोलवर पोहोचण्यास अवधी मिळत नाही आणि बाहेर पातळ काळसर कवच असलेल्या दगडाचा गाभा मूळ स्थितीत राहतो.

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, जळगावसह महाराष्ट्राच्या अनेक भागांतून आकाशात जळत जाणारे तुकडे दिसले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे आणि गोलाकार टाक्या सापडल्या. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅक्डॉवेल यांच्या मते हे चीनच्या लाँग मार्च ३बी या प्रक्षेपकाच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष होते. अशा टप्प्यांना पुनःप्रवेशासाठी कवच दिलेले नसते. म्हणून ते विस्कळीतपणे तुटतात आणि त्यांचे काही भाग जमिनीपर्यंत पोहोचतात.

मर्यादा

वापरलेले कवच बहुधा पुन्हा उपयोगात येत नाही. स्पेस शटलसाठी म्हणूनच पुन्हा वापरता येणाऱ्या सिलिका फरशा आणि पंखांच्या अग्रकडांसाठी प्रबलित कार्बन निवडले गेले. मात्र ही सामग्री ठिसूळ होती. प्रक्षेपणाच्या वेळी डाव्या पंखाची कडा फुटल्यामुळे १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतीच्या वाटेवर नष्ट झाले. त्यात कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

अपक्षरणी कवचातील झीजही नेहमी अपेक्षेप्रमाणे होतेच असे नाही. डिसेंबर २०२२ मध्ये चंद्राची फेरी करून परतलेल्या मानवरहित ओरायन यानाच्या कवचाचे तुकडे शंभराहून अधिक ठिकाणी निघाल्याचे आढळले. अ‍ॅव्हकोटमध्ये तयार झालेल्या वायूंना बाहेर पडण्यास पुरेशी वाट न मिळाल्याने आतील दाब वाढला व थराला भेगा पडल्या, असा निष्कर्ष नासाने काढला. यानातील तापमान सुरक्षित मर्यादेत राहिले होते. तरीही कवच झिजणे आणि कवच तुटणे यांतील भेद या घटनेने स्पष्ट झाला.