ग्रहणकाळीं दिलेलें दान

ता. ७ सप्टेंबर २०२५ ची रात्र, भाद्रपदी पौर्णिमा. छत्रपति संभाजीनगरांतील औरंगपुरा हा भाग एरवीं दिवसभर गजबजलेला असतो. पुस्तकांचीं दुकानें आणि सरस्वती भुवनसारखी जुनी विद्यासंस्था यांमुळें तेथें विद्यार्थ्यांची वर्दळ असते, व रात्रीं दहाच्या सुमारास कोठें जरा शांतता होते. त्या रात्रीं मात्र दहानंतरच गच्चीगच्चीवर माणसें दिसूं लागलीं. खग्रास चंद्रग्रहण भारतांतून दिसणार होतें. आमच्या शेजारच्या घरचें सारें कुटुंब वर जमलें होतें. फक्त त्या घरची सून खालीं आंतल्या खोलींत दार-खिडकी लावून बसली होती. तिला सहावा महिना. सासूबाईंनीं दुपारीं चारपासूनच विळी, सुरी आणि सुईदोरा उचलून ठेवला होता.

मी पाणी पिण्याच्या निमित्तानें खालीं गेलों, तेव्हां दाराआडून ती म्हणाली, "काका, मी शाळेंत सातवीच्या मुलांना ग्रहण शिकवितें. दिवा आणि चेंडू घेऊन सावली पाडून दाखवितें. आणि आज मीच अंधारांत बसलें आहें. यांतलें खरें कोणतें मानूं?"

मला तत्काल नीट उत्तर सुचलें नाहीं. सासूबाईंना दोष देणें सोपें होतें; परंतु त्या बाई कांहीं दुष्ट नव्हेत. त्यांच्या सासूनें त्यांनाहि असेंच बसविलें होतें, आणि येणाऱ्या नातवंडाला कांहीं व्यंग राहिलें तर आयुष्यभर आपलेंच मन आपल्याला खाईल, ही त्यांची धास्ती. मागाहून विचार करतां मला असें दिसून आलें कीं, त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर आमच्याच मुलुखाच्या इतिहासांत आठशें वर्षांपासून दगडावर कोरलेलें आहे. तेंच आज वाचकांपुढें ठेवतों.

चंद्राविषयींच्या आपल्या कथा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. दक्षाच्या सत्तावीस कन्या चंद्राला दिल्या. त्यानें एकट्या रोहिणीवर प्रेम केलें. दक्षानें क्षयाचा शाप दिला. आणि सोमनाथाच्या कृपेनें त्याला उतारा मिळून क्षयापाठोपाठ वृद्धीहि आली. या कथेवरचें पुराणाचें वस्त्र जरा बाजूला सारलें, तर आंत कोणा जागरूक डोळ्यांनीं पाहिलेलें आकाश दिसतें. चंद्र सुमारें सत्तावीस दिवसांत सत्तावीस नक्षत्रांच्या घरीं जाऊन येतो, आणि रोहिणीच्या ताऱ्याजवळून तो इतक्या निकट जातो कीं कांहीं वर्षीं तो तारा त्याच्याआड झांकलाच जातो. हें ज्यांनीं अनेक रात्री जागून पाहिलें त्यांना चंद्राचा पक्षपात दिसला, यांत नवल नाहीं. चंद्रावरील डागांत कोणाला ससा दिसला, कोणाला हरिण. म्हणून तो शशांक झाला आणि मृगांकहि झाला. गणपतीला हंसल्यामुळें भाद्रपद शुद्ध चतुर्थीला त्याचें दर्शन वर्ज्य ठरलें, आणि तें घडल्यामुळें प्रत्यक्ष श्रीकृष्णावर स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ आला. श्रीकृष्ण हा यादव, म्हणजे चंद्रवंशीय. आपल्याच कुळाच्या मूळ पुरुषाकडे पाहिल्याबद्दल त्याला हा आळ सोसावा लागला!

चंद्रवंशाचा उल्लेख आला कीं, औरंगपुऱ्याहून नऊदहा मैलांवर असलेला देवगिरीचा किल्ला डोळ्यांपुढें उभा राहतो. बाराव्या शतकाच्या अखेरीस पांचव्या भिल्लमानें ज्या देवगिरीला राजधानीचें वैभव आणलें, तेथील यादव राजे स्वतःला चंद्राचे वंशज म्हणवीत. महादेव व रामचंद्र या दोन राजांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि यानें "चतुर्वर्गचिंतामणि" हा प्रचंड ग्रंथ रचला. त्यांतील व्रतखंडाच्या आरंभीं ही वंशावळ दिलेली असून ती क्षीरसागरांतून निघालेल्या चंद्रापासून सुरू होते. पुढें यदु, पुढें श्रीकृष्ण, मथुरा व द्वारका येथील राज्यें, आणि मग दक्षिणेंत आलेला दृढप्रहार, असा तो क्रम आहे. दृढप्रहाराच्या पुत्राचें नांव सेउणचंद्र. त्याच्यावरूनच या मुलुखाला सेउणदेश म्हणूं लागले.

आतां ही वंशावळ कोणत्या ग्रंथाच्या तोंडीं घातली आहे, याकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. तो व्रतांचा ग्रंथ आहे आणि व्रतें तिथीवर चालतात. तिथि ही काय वस्तु आहे? चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढें सरला कीं एक तिथि संपते. म्हणजे ज्या चंद्राला राजा पूर्वज म्हणून वंदन करीत होता, त्याच चंद्राची चाल त्याच्या राज्यांतील ज्योतिषी अंश-कलांत मोजीत होते. पूर्वज म्हणून त्याची पूजा व्हावी आणि ग्रह म्हणून त्याचा हिशेब लागावा, यांत त्या लोकांना कांहीं विसंगति वाटत नसे.

चंद्राकडे त्या काळीं तिसरेंहि एक काम होतें, तें साक्षीदाराचें. जमीन किंवा गांव दान देतांना तें दान "आचंद्रार्क", म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत, चालावें असें लिहीत. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठीं शिळेच्या माथ्यावर सूर्य आणि चंद्रकोर कोरीत. महाराष्ट्रांतील गधेगळांवर व वीरगळांवर हीं दोन चिन्हें पुष्कळ ठिकाणीं आजहि पाहावयास मिळतात. रोज बदलणारा, पंधरवड्यांत नाहींसा होणारा चंद्र शाश्वतीला साक्षी ठेवावा, हें प्रथम चमत्कारिक वाटतें. परंतु जो गेल्यावर हटकून परत येतो त्याच्यावर विश्वास टाकावा, असा कदाचित् त्यांचा विचार असेल.

पूर्वज, ग्रह आणि साक्षी या तिन्ही नात्यांनीं चंद्र जेथें एकत्र आला तें ठिकाण म्हणजे पाटण. संभाजीनगराहून कन्नडवरून औट्रमघाट उतरून चाळीसगांवच्या बाजूला गेलें, म्हणजे डोंगराच्या पायथ्याशीं हें स्थान लागतें. लोक त्याला पाटणादेवी म्हणून ओळखतात. तेथील देवीच्या मंदिरांतील एक शिलालेख एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं विद्वानांपुढें आणला. लेख कांहीं संस्कृतांत व कांहीं जुन्या मराठींत आहे. त्यांत भास्कराचार्यांच्या घराण्याची हकीकत येते. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें "सिद्धांतशिरोमणि" पूर्ण केला. त्यांचा पुत्र लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल यानें आपल्या सभेंत नेलें. आणि नातू चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. या चांगदेवानें आजोबांच्या व घराण्यांतील इतरांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून पाटण येथें मठ स्थापन केला. त्या मठाला जागा आणि उत्पन्न दिलें सोइदेव नांवाच्या निकुंभ मांडलिकानें. यादव चंद्रवंशीय, तर हे निकुंभ सूर्यवंशीय म्हणविणारे!

दानाची तिथिहि लेखांत दिली आहे: शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणसमय. प्रभव संवत्सर धरल्यास इ. स. १२०७ हें वर्ष येतें. ग्रहण लागलें असतां, सर्व लोकांच्या समक्ष, हातावर पाणी सोडून सोइदेवानें हें दान केलें. पुढें मराठी भागांत व्यवहाराची बोली आहे. पेठेंत विकल्या जाणाऱ्या मालावरील कराचा अंश मठाला, आणि जितके घाणे चालतील तितक्यांमागें पळीपळी तेल मठाला, असा तो तपशील. त्या तेलाच्या दिव्यांत विद्यार्थी काय वाचीत असतील? ग्रहण कसें लागतें, हेंच कीं!

"सिद्धांतशिरोमणी"च्या गोलाध्यायांत आचार्यांनीं ग्रहणाचा विचार मोठ्या रसाळपणें केला आहे. अर्धा ग्रासलेल्या चंद्राचीं टोकें बोथट दिसतात आणि ग्रहण पुष्कळ वेळ टिकतें. ग्रासलेल्या सूर्याचीं टोकें तीक्ष्ण दिसतात आणि ग्रहण लवकर सुटतें. अर्थात् चंद्राला झांकणारी वस्तु मोठी, सूर्याला झांकणारी लहान. चंद्राला ग्रहण पूर्वेच्या कडेनें लागतें, सूर्याला पश्चिमेच्या. एकच राहु दोघांना गिळीत असता तर असा भेद कां पडावा? तेव्हां चंद्राला झांकते ती पृथ्वीची छाया आणि सूर्याला झांकतो तो चंद्र. इतकें सिद्ध केल्यावर आचार्यांनीं राहूला घराबाहेर काढलें मात्र नाहीं. ब्रह्मदेवाच्या वरानें राहु त्या छायेंत शिरून बसतो, असें म्हणून त्यांनीं पुराणाचाहि मान राखला. कोणी याला भित्रेपणा म्हणेल. मला त्यांत शिक्षकाचें शहाणपण दिसतें. गणित सुटण्यास राहूची गरज उरली नाहीं, एवढें शिष्याला कळलें कीं पुरे. त्याच्या आजीशीं भांडण्याचें कारण उरत नाहीं.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतों. १२९६ मध्यें अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, आणि १३१८ मध्यें हरपालदेवाच्या वधाबरोबर चंद्रवंशाचें राज्य संपलें. पंधराव्या शतकांत बहामनी अमलांत त्याच किल्ल्याच्या पायथ्याशीं एक उंच मनोरा उभा राहिला, आणि त्यालाहि लोक चांद मिनार म्हणूं लागले! पाटणच्या मठांतील पाठहि केव्हांच बंद पडले. घाणे गेले, कर गेले, आणि देणारे व घेणारे दोघेहि गेले. दानाचा साक्षीदार तेवढा राहिला, आणि तो २०२५ च्या भाद्रपदांत औरंगपुऱ्याच्या गच्च्यांवर पुन्हा काळवंडला.

आतां त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतों. ता. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं भारताचें चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशांत उतरलें. त्याच वर्षीं ता. २८ ऑक्टोबरला कोजागिरीच्या रात्रीं खंडग्रास ग्रहण आलें, आणि दूध केव्हां आटवावें व नैवेद्य केव्हां दाखवावा याचा खल घरोघर झाला. यानाचा अभिमान बाळगणारीं घरेंच हा खल करीत होतीं. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. दूध थोडें उशिरा प्यालें म्हणून कोणाचें नुकसान होत नाहीं, आणि चांदण्यांत सारें घर एकत्र बसतें हा लाभच आहे. चतुर्थीचा उपास, रोहिणीची कथा, शशांकाचा ससा, हीं सर्व राहूं द्यावींत. नातवंडांना तीं अवश्य सांगावींत. परंतु ज्या समजुतीपायीं सहा महिन्यांची गर्भवती बंद खोलींत तासन्‌तास घाबरून बसते ती त्याच रांगेंत बसविणें बरोबर नाहीं. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनीं पाहिल्यानें तिला किंवा तिच्या गर्भाला कांहींहि अपाय होत नाहीं, हें आज निश्चित ठाऊक आहे.

ही परंपरा आहे, असें कोणी म्हणेल, तर त्याला पाटणचा शिलालेख दाखवावा. ग्रहणांत दार लावून बसणें ही जशी जुनी रीत, तशी ग्रहणांत ज्योतिषाच्या शाळेला जागा देणें हीहि आपलीच जुनी रीत आहे, आणि तिला तर दगडावरचा पुरावा आहे. सोइदेवाचा ग्रहणपुण्यावर विश्वास होता. त्या विश्वासानें त्याचा हात आंखडला नाहीं, सैल सुटला. वारसा दोन्ही प्रकारचा असतो. त्यांतला कोणता सुनेच्या ओटींत घालावयाचा, हें प्रत्येक घरानें ठरवावयाचें असतें.

त्या रात्रीं यांतलें बरेचसें मला सुचलें नव्हतें. गच्चीवर परत गेल्यावर मीं सासूबाईंना एवढेंच म्हटलें, "वहिनी, ग्रहणांत तुमच्याकडे दान काय देतात?" त्या म्हणाल्या, "तांदूळ काढून ठेवले आहेत." मीं सोइदेवाची गोष्ट थोडक्यांत सांगितली. त्यांनीं ती ऐकून घेतली, पण उत्तर कांहीं दिलें नाहीं. अकराच्या पुढें चंद्र तांब्यासारखा लाल झाला, तेव्हां त्या उठल्या आणि जिना उतरून गेल्या. सुनेला त्यांनीं वर आणलें नाहीं. तेवढी अपेक्षा मींहि केली नव्हती. थोड्या वेळानें मी घरीं जाण्यास निघालों, तों बोळांतून त्या खोलीची खिडकी दिसली. ती उघडी होती. सून गजांशीं उभी राहून वर पाहत होती आणि सासूबाई तिच्या पाठीशीं उभ्या होत्या.