मुंबईचे भाडे आणि पागडी

मुंबईत बिऱ्हाड मिळविणे कधीच सोपे नव्हते. १८९६ च्या प्लेगानंतर, १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद केले. उठविलेल्या बिऱ्हाडांस मात्र त्या मानाने नव्या चाळी मिळाल्या नाहीत. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली, तेव्हा १९१८ साली सरकारास भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. १९४७ च्या कायद्याने तर जुन्या जागांना १ सप्टेंबर १९४० चे भाडेच प्रमाण मानिले. भाडेकरू स्थिरावला खरा. परंतु दुरुस्तीपुरतेही उत्पन्न उरेना, तेव्हा घरमालकाने जिन्याकडे व छपराकडे पाठ फिरविली, आणि पावतीवर घेता येईना ते पागडी म्हणून पावतीबाहेर घेतले जाऊ लागले. गंमत अशी की, १९९९ च्या कायद्याने याच पागडीस राजरोस मान्यता दिली!

गिरणगावाची कथा अधिक कठोर आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. १९९१ च्या विकास नियमावलीने त्यांच्या जमिनी विक्रीस मोकळ्या झाल्या, आणि लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात दिमाखदार दुकाने थाटली गेली. शेजारच्या चाळीतील खोलीचे भाडे गोठलेलेच होते. वाणसामानाचे व खाणावळीचे दर मात्र कोणत्याच कायद्यात बसत नव्हते. पागडीवर खोली देऊन कित्येक कुटुंबे डोंबिवली-विरारकडे निघून गेली.